न प्यालेल्या माणसाचा चेहरा

चेहरा बघून निदान करणं हे माझं आयुष्यभराचं काम. अडचण एवढीच, की हे काम गावातले सगळेच करतात आणि माझ्यापेक्षा फार लवकर करतात. मला भिंग लागायचं, दिवा लागायचा, पेशंटला शंभर प्रश्न विचारावे लागायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना जिन्यातली एक नजर पुरते.

मी कातडीची डॉक्टर. जयनगरला स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावर, अरुंद जिन्याच्या माथ्याशी माझा दवाखाना होता. होता म्हणते, कारण आता तो बंद केला. आमचं घराणं बेंगळुरातलंच, इतक्या पिढ्यांचं की पुण्याचे पाहुणे आमचं मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे. आम्ही मोठ्या बहिणीला अक्का म्हणतो, दुकानात स्वल्प कमी करायला सांगतो आणि तरी दिवाळीला चकली आणि दिवाळी अंक दोन्ही लागतात.

माझे वर्गमित्र हृदयाचे, मेंदूचे डॉक्टर झाले. ते मला म्हणायचे, "तुझं बरं आहे बाई, तुझा पेशंट मरत नाही." खरं आहे. पण त्यांचा पेशंट आजार सदऱ्याखाली झाकून लग्नात मिरवू शकतो. माझ्या पेशंटला सगळं तोंडावर घेऊन हिंडावं लागतं, आणि समोरचा प्रत्येक जण त्याचा काही ना काही अर्थ लावत असतो.

आज ज्या आजाराविषयी लिहायचं आहे त्याचं नाव रोझेशिया. गालांच्या आणि नाकाच्या कातडीखाली बारीक रक्तवाहिन्या असतात. काही माणसांच्या या वाहिन्या जरा कारण मिळालं की फुलतात. ऊन, चूल, वाफाळता चहा, आमटीसारखं झणझणीत सारू, राग, लाज, काहीही पुरतं. पुढे पुढे त्या फुललेल्याच राहतात. मग बारीक पुटकुळ्या येतात, साधं पाणी लागलं तरी जळजळतं, कुणाचं नाक जाड होतं, कुणाचे डोळे तांबारतात. हा गोऱ्या लोकांचा आजार असं आम्हाला शिकवलं होतं. आपल्या गव्हाळ कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून लोक "उन्हानं रापलाय" म्हणतात आणि डॉक्टरही मुरुमांचं औषध देऊन मोकळे होतात. हा आजार मुळापासून जात नाही. त्याला शांत ठेवता येतं.

शांत ठेवायला मी ज्या गोष्टी द्यायचे त्यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अप्रिय म्हणजे पेट्रोलियम जेली. तीच ती, थंडीत ओठांना आणि टाचांना लावतात ती. घराघरांत ती एका कंपनीच्या नावानेच ओळखतात. ती औषध नाही, झाकण आहे. चिडलेल्या कातडीतून पाणी उडून जात असतं, ते ती उडू देत नाही. तिला वास नाही, रंग नाही, ती झोंबत नाही, त्यामुळे चिडकी कातडीसुद्धा सहसा तिच्यावर चिडत नाही. कोमट पाण्याने तोंड धुवायचं, टिपायचं, थोडी ओल असतानाच वाटाण्याएवढी जेली बोटांवर घेऊन दाबून दाबून लावायची. चोळायचं नाही. एकच पथ्य. झाकण पाणी आत ठेवतं तशी उष्णताही आत ठेवतं. म्हणून उन्हात किंवा चुलीपुढे जायच्या आधी ती थापायची नाही. आणि पुटकुळ्या वाढल्या तर थांबून मला दाखवायचं.

एवढं साधं. पण साधं कुणाला नको असतं. मारतहळ्ळीहून एक मुलगी यायची, मूळची पुण्याची, संगणकाच्या कंपनीत. तिने पर्समधून बाटल्यांची रांगच माझ्या टेबलावर मांडली. प्रत्येक बाटलीत एक आम्ल, आणि गाल सोलून निघालेले. हे सगळं बंद करून जेली लावा म्हटल्यावर ती म्हणाली, "मॅम, सीरियसली? माझी आजी हे टाचांना लावते." दुसरीकडे आमच्या गल्लीतल्या सरोजाअक्का. त्यांनी माझी जेली निमूटपणे घेतली आणि घरी जाऊन तीत कापूर खलला. चेहरा टोमॅटोसारखा करून आल्या आणि वर मलाच म्हणाल्या, "झोंबत न्हाई ते कसलं औषध, बाळा? देवाचाच कापूर तो, त्यानं काय होतंय?" मी हसले. तेव्हा मला हसू यायचं अजून.

मारुतीअण्णांची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही.

मारुतीअण्णा निपाणीकडचे, उंचनिंच, घारे आणि चांगले गोरे. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यातल्या लोकांना जयनगरहून नेणारी-आणणारी बस चालवायचे. बस कारखान्याची नव्हे, एका कंत्राटदाराची. तिचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, वर रेक्झिनचं झाकण, त्याची धग सतत अंगावर. उजवीकडच्या खिडकीतून ऊन. पहिल्याच भेटीत त्यांचा उजवा गाल डाव्यापेक्षा जास्त पेटलेला बघून मी विचारलं, "ड्रायव्हर का तुम्ही?" ते चमकले. मला जरा बरं वाटलं, अशी संधी आमच्या धंद्यात क्वचितच मिळते.

नाक लाल, जाडसर. डोळ्यांच्या कडा तांबड्या. गालांवर पुटकुळ्या आणि त्यांच्या आजूबाजूला कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. मी विचारलं, "कुठली ट्यूब लावता?"

त्यांनी खिशातून चेपलेली ट्यूब काढली. ही ट्यूब मला शत्रूसारखी ओळखीची. तीत जोरकस स्टेरॉइड असतं. चेहरा दोन-तीन दिवसांत थंड आणि उजळ होतो, म्हणून एक ड्रायव्हर दुसऱ्याला देतो, वहिनी नणंदेला देते. संपली की रिकामी ट्यूब औषधाच्या दुकानात दाखवायची, दुकानदार तसलीच नवी काढून देतो. डॉक्टर मध्ये कुठेच नाही. काही वर्षांनी कातडीला तिचं व्यसन लागतं. लावली नाही की चेहरा पेटतो, म्हणून परत लावायची.

"बाई," मारुतीअण्णा म्हणाले, "मी दारूला शिवत न्हाई. आमच्या घरात कुणीच न्हाई. पण बसमधली माणसं आता तोंडावर बोलाय लागल्यात. कुणीतरी त्या मोबाइलच्या ग्रुपवर घातलंय, ड्रायव्हर सकाळीच टाकून येतोय म्हणून. सुपरवायझर रोज मशीन पुढं धरतोय. मी त्यात फुंकतोय. शून्य येतंय. तरी दुसऱ्या दिवशी परत मशीन. माझी पोरगी कॉलेजात जाती, गल्लीत कुणी काय बोललं की भांडून येती, माझे पप्पा पीत नाहीत म्हणून. तिच्यासाठी तरी हे तोंड नीट करा."

एवढंच हवं होतं त्यांना. स्टिअरिंग आणि नाव, दोन्ही हातातून जायच्या आत चेहरा ताळ्यावर यायला हवा होता.

मी त्यांना खरं ते सांगितलं. ट्यूब बंद. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा आधीपेक्षा लाल होईल, आग होईल, पण त्यातून जावंच लागेल. पोटात घ्यायला गोळी दिली, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर लावायला जेली. पातळ, संध्याकाळीच. दोनदा बजावलं.

ते काही दिवसांनी आले तेव्हा मला जिन्यातूनच दिसलं की काहीतरी बिनसलंय. चेहरा लालबुंद तर होताच, तो होणारच होता. पण तो चकाकत होता.

"सकाळी लावलीत जेली?"

"लावली की. चांगली जाड."

"अहो, संध्याकाळी पातळ लावा म्हटलं होतं ना?"

"म्हटलं हुतं," ते ओशाळून म्हणाले, "पण बाई, जे तापतंय त्याला ग्रीस लावूनच गाडी भाईर काढायची असती. रातभर उभ्या गाडीला ग्रीस लावून काय फायदा?"

आयुष्यभर गाडीची सेवा केलेल्या माणसाने स्वतःच्या तोंडालाही तोच नियम लावला होता. वर जेलीचं जाड झाकण, शेजारी इंजिनची भट्टी, उजवीकडून ऊन. आतली उष्णता बाहेर पडायला जागाच नव्हती. आणि पहाटे बसमध्ये चढणाऱ्या माणसांनी काय बघितलं? लाल नाक, तांबारलेले डोळे आणि घामेजल्यासारखा चकाकणारा चेहरा. बसमधली पोरं म्हणे दारातूनच ओरडायची, "मारुतीला आज तेल-शेंदूर दोन्ही चढलंय रे." त्या दिवशी सुपरवायझर शिवण्णाने त्यांना सगळ्यांसमोर उतरवून मशीन धरलं. "ऊदि, अण्णा," फुंका म्हणाला. शून्य आलं. शिवण्णाने मशीनच झटकून बघितलं.

चूक सुधारता येण्यासारखी होती आणि आम्ही ती सुधारली. सकाळची जेली बंद केली, खिडकीला पडदा लावायला सांगितला, चहा निवू देऊन प्यायला सांगितलं. पण चेहरा निवायला अजून अवकाश होता आणि माणसांना धीर नव्हता. शिवण्णा वाईट माणूस नव्हता. तोच म्हणाला, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, मी सगळ्यांची तोंडं बंद करतो.

मी ते मनापासून लिहिलं. या गृहस्थांच्या चेहऱ्याची लाली हा रोझेशिया नावाचा कातडीचा आजार आहे, दारू कधीही न प्यालेल्या माणसालाही तो होतो, तो संसर्गजन्य नाही. 'नाही'च्या खाली रेघ ओढली. त्यात एक शब्द खोटा नव्हता आणि आजही मी त्यातला एक शब्द बदलणार नाही.

शिवण्णाने त्याचा फोटो काढून मोबाइलच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या मागची सीट रिकामी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्यामागच्या दोन रांगाही. कुणी ओढणी नाकावर धरली, कुणी खिडकी उघडली. लोकांनी पत्रातले दोनच शब्द वाचले होते, कातडी आणि आजार. मारुतीअण्णांची एक जुनी रीत होती. शुक्रवारी बसच्या काचेला हार घालून उदबत्ती लावायची आणि चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवायचा. त्या शुक्रवारी कुणी हात पुढे केला नाही. एकीने तर "बेडा अण्णा, बेडा," नको नको म्हणत पदर सावरला.

आठवड्याच्या आत त्यांना स्टिअरिंगवरून काढून शेडमध्ये घातलं. बस धुवायची, हवा बघायची.

ते दवाखान्यात आले आणि खुर्चीत बसलेच नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "दारुड्या म्हणत हुते तवा बरा हुतो, बाई. दारुड्याच्या हातची खडीसाखर घेत हुती माणसं."

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, मी येते तुमच्या शेडमध्ये, समजावून सांगते सगळ्यांना. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग जरा घुटमळून म्हणाले, "दुसरं एक पत्र द्याल का? लिहा की हा पीत हुता. आता सोडलीय."

"मारुतीअण्णा! असं खोटं कसं लिहू मी?"

"खरं लिवून काय झालं?"

ते शांतपणे समजावू लागले, जणू पेशंट मी आहे. "बघा, रोगी माणूस कुणाला नको. पण सोडलेला माणूस सगळ्यांना आवडतोय. आमच्या शेडातच एक हाय, दोनदा गाडी ठोकलेला. सोडली म्हणाला, तर मालकानं परत गाडी दिली, वर शाल घातली. मी कधीच घेतली न्हाई, तर मला कशाबद्दल शाल घालणार?"

पत्र मी दिलं नाही. डॉक्टरला ते देता येत नाही, आणि देता आलं असतं तरी हात वळला नसता. ते नमस्कार करून गेले. गोळ्या आणि जेली मात्र त्यांनी सोडली नाही. आता शेडमध्ये काम, म्हणजे इंजिनची धग नाही, काचेतलं ऊन नाही. संध्याकाळची पातळ जेली, वेळेवर गोळी. ज्या चेहऱ्यासाठी आम्ही धडपडत होतो तो चेहरा हळूहळू निवला. पुटकुळ्या गेल्या, डोळे निवळले, नाकाची लाली ओसरून किंचित तांबूस छटा राहिली. माझ्या सगळ्या कारकिर्दीत इतका गुण थोड्यांनाच आला असेल. एवढं लिहिताना अभिमान वाटायला हवा.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवसाची आयुधपूजा आली. आमच्या गावात त्या दिवशी सायकलीपासून क्रेनपर्यंत सगळ्याला हार पडतात. बसशेडमध्ये तर तो मोठाच सण. केळीचे खुंट बांधतात, चाकांखाली लिंबं ठेवतात, बसवरून कोहळा ओवाळून फोडतात. मारुतीअण्णा पुढे झाले, हार घातलेल्या बसमध्ये चढले, स्टिअरिंगवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्याकडनं चूक झाली. मी पीत हुतो. आता या स्टिअरिंगची शपथ, हयातीत दारूला शिवणार न्हाई."

पुढची शपथ तर खरीच होती, असं ते मला नंतर म्हणाले. ती घेताना त्यांचा आवाज जराही कापला नाही.

शेडमध्ये टाळ्या पडल्या. शिवण्णाने गळ्यात पडून त्यांचा गाल थोपटला, तोच गाल, ज्याच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. "नोडि, मुख एष्टु चेन्नागिदे!" तो सगळ्यांना म्हणाला. बघा, चेहरा कसा छान झालाय, चेहराच सांगतोय सोडली म्हणून. म्हणजे माझ्या औषधाचा गुण हाच त्यांच्या खोट्या कबुलीचा पुरावा ठरला. कोहळ्याच्या फोडी अजून पायाखाली होत्या तेवढ्यात त्यांच्या हातात किल्ली आली. शुक्रवारी खडीसाखर पुरली नाही.

हे सगळं मला सांगायला ते पेढे घेऊन आले होते. मी पेढा घेतला. दिव्याखाली चेहरा तपासला आणि जेली चालू ठेवा म्हटलं. पण माणूस आनंदात दिसेना.

"आता काय झालं?"

"कुणीतरी शपथेचा व्हिडिओ काढलेला. पोरीच्या मोबाइलवर आला." त्यांनी हातातली टोपी टेबलावर ठेवली. "घरी गेलो तर गळ्यात पडून रडली. म्हणाली, पप्पा, मला अभिमान वाटतो तुमचा. मी म्हटलं, अगं येडे, ते कामासाठी बोललो, मी कधीच घेतली न्हाई, तू तर सगळ्यांशी भांडत हुतीस. तर म्हणाली, असू दे पप्पा. आता कशाला लपवताय? सोडलीत ना, बास."

"आणि तुमच्या घरच्यांनी?"

"बायको सांगून थकली. तर पोरगी म्हणती, आई, तुला त्यांना पाठीशी घालायची सवयच आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी सांगा तिला, बाई. तुमचं ऐकंल. शिकलेली हाय."

मी लगेच म्हटलं, घेऊन या.

पल्लवी चुणचुणीत मुलगी, बापासारखीच घारी. मारुतीअण्णा खाली दुकानाशी थांबले. मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं, अगदी विद्यार्थ्यांना सांगावं तसं. रक्तवाहिन्या, ऊन, इंजिनची धग, ट्यूबने पातळ झालेली कातडी, जेलीचं झाकण. पुस्तकातली चित्रं दाखवली. मशीनवर रोज शून्य यायचं हे सांगितलं. तुझ्या वडिलांनी आयुष्यात दारू घेतलेली नाही, हे डॉक्टर म्हणून आणि माणूस म्हणून मी तुला सांगते, असं म्हटलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मान हलवत, लक्ष देऊन ऐकत राहिली. माझा जीव भांड्यात पडला.

उठताना तिचे डोळे भरून आले होते. दाराशी थांबून ती खाली ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "थँक्यू डॉक्टर आंटी. पप्पांची इज्जत राहावी म्हणून तुम्ही केवढं खोटं बोललात. मी त्यांना कधीच कळू देणार नाही."

तिने वाकून माझ्या पायांना हात लावला, जिना उतरली आणि खाली उभ्या असलेल्या बापाचा हात हातात घेतला.